उजेडाची रेघ

गल्लीतल्या गॅरेजवाल्याला सगळे भिंगमिस्त्री म्हणत. कुणाला न दिसणारी खोट याला दिसते, अशी ख्याती. नाव मोठं झालं की माणूस ते जपत बसतो. याचंही तसंच झालं.

वर्षभर त्याला दिव्यांभोवती उजेडाची झालर दिसत होती. "अहो, डोळे दाखवून या," म्हणून बायको कानीकपाळी ओरडत होती. "तुझं आपलं काहीतरीच," म्हणून तो उडवून लावी. डोळे गेलेल्या मिस्त्रीकडे गाडी कोण आणणार?

आज घरचीच व्हॅन होती. दिवस भरत आलेल्या लेकीला घेऊन जावई घाटापलीकडच्या मोठ्या दवाखान्यात निघाला होता आणि इंजिन टकटक करत होतं. मिस्त्रीने टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उचलणारे लोखंडी ठोकळे, काढले, जिथला तिथेच परत जावा म्हणून अंड्यांच्या ट्रेमध्ये ओळीने मांडले, रॉकेलने घासले. मग त्याची जुनी परीक्षा. दोन टॅपेट तळाला तळ लावून बल्बसमोर धरायचे. कडेला उजेडाची रेघ दिसली, तर तळ अजून फुगीर, माल चांगला. रेघ नाही, तर तळ झिजला. असला टॅपेट इंजिन आतून खातो आणि चढावर दगा देतो.

प्रत्येक जोडीला रेघ होती, आणि तीही लख्ख. स्वारी खूश झाली. टॅपेट परत बसवून त्याने इंजिन सुरू केलं.

"मामा, टकटक अजून आहेच की," जावई म्हणाला.

"ऑइल वर चढलं की जाईल. निघा तुम्ही, जावईबापू."

"येते हं बाबा," लेक खिडकीतून म्हणाली. व्हॅन वळणाआड गेली तरी टकटक ऐकू येत होती.

आवराआवर करताना फळीवरची जुन्या टॅपेटची जोडी त्याच्या हाती आली. पार झिजलेली. 'बघा, रेघ नाही' असं गिऱ्हाइकांना दाखवायला त्यानेच ठेवलेली. सवयीने त्याने ती बल्बसमोर धरली.

रेघ होती. तितकीच लख्ख.

डोळे पुसून त्याने पुन्हा पाहिलं.

"अगं, इकडे ये. हिच्यात रेघ दिसते का?"

बायकोने जोडी नीट धरून पाहिली. "कसली रेघ? काळं तर आहे सगळं."

त्याने जावयाला फोन लावला. लागेना. लेकीचाही लागेना. घाट सुरू झाला असणार.

"काय झालं? बोला ना!"

"मला दिसत नाही गं," तो म्हणाला. "व्हॅनचे टॅपेट याच डोळ्यांनी पाहिले मी."