ब्राझीलचा रिकार्द्या

सूडभावना माणसाला क्षुद्र करते, असं थोर लोक सांगत आले आहेत. मी मात्र तिच्या बळावर एक माणूस उंच होत गेलेला पाहिला आहे. जागतिक कीर्तीचं गाणं रचणारा एक कलावंत दर वर्षी अर्धी पृथ्वी ओलांडून आमच्या घाटनांदूरला येत असे आणि इथे राहून सूडाची साधना करत असे. साधना म्हणजे तो एका गोऱ्ह्याला पेंड खाऊ घालत असे.

त्याचं खरं नाव लांबलचक आणि पोर्तुगीज होतं. गावाने ते एकदा नीट ऐकून घेतलं आणि त्याला ब्राझील म्हणायला सुरुवात केली. तरुणपणी तो तिकडच्या एका रॉक बँडमध्ये गिटार वाजवायचा. बाविसाव्या वर्षी त्याने एक गाणं रचलं. ते आजही त्या देशात फुटबॉलच्या मैदानावर हजारो माणसं उभी राहून म्हणतात. रेकॉर्डवर मात्र गीत आणि संगीत म्हणून नाव छापलं गेलं ते बँडच्या गायकाचं, रिकार्दोचं. ब्राझील कोर्टात गेला, हरला, बँडमधून बाहेर पडला आणि चुलतभावाच्या गुरांमध्ये राहू लागला. हा चुलतभाऊ आपल्या लाल कंधारी जातीच्या गुरांची कीर्ती ऐकून इकडे आला, तेव्हा ह्याला सोबत घेऊन आला. दुभाष्या म्हणून मला बोलावलं, कारण मी शाळेत इंग्रजी शिकवायचो. ब्राझीलचं इंग्रजी माझ्याइतकंच कच्चं होतं, त्यामुळे आमचं लगेच जमलं.

गावातल्या गहिनीनाथच्या गोठ्यात दोन-तीन महिन्यांचा एक गोऱ्हा होता. लालभडक, मान वर, आणि चालणं असं की सगळा गोठा आपल्याकडेच बघतो आहे. ब्राझील त्याच्यासमोर बराच वेळ उभा राहिला. मग मला म्हणाला, हा रिकार्दो आहे. त्याने तो तिथल्या तिथे विकत घेतला आणि गहिनीनाथकडेच ठेवला. बेत सरळ होता. गोऱ्हा तीन वर्षं पोसायचा, मग खच्ची करायचा, नांगराला जुंपायचा आणि फोटो काढून रिकार्दोला पाठवायचा. तीन वर्षं थांबणार का, असं मी विचारलं. आजवर काय करत होतो, असं त्याने मला विचारलं.

तेव्हापासून तो पोळ्याच्या महिनाभर आधी यायचा आणि दिवाळी करून परतायचा. गावाने गोऱ्ह्याचं नाव रिकार्द्या करून टाकलं. ब्राझीलला हे फार आवडलं. त्याच्या भाषेत माणसाचा इतक्या स्वस्तात अपमान करायची सोय नव्हती.

राग विसरणं हा त्याला आळशीपणा वाटे. मांजरसुंब्याच्या एका ढाब्यावर त्याला एकदा गार चहा मिळाला होता. पुढे बीडहून येता-जाता आमची जीप तिथे थांबली की तो खाली उतरायचा, ढाब्याकडे पाठ करायचा आणि आमचं जेवण होईपर्यंत तसाच उभा राहायचा. मालकाला यातलं काही माहीत नव्हतं. त्याने एकदा आपणहून ह्याला उन्हात खुर्ची नेऊन दिली. ब्राझील बसला, पण पाठ करूनच.

त्याची मराठी गोठ्यात तयार झाली होती. "लई," "हाय," "न्हाई," "सरक मागं" एवढ्यावर तो संसार चालवायचा, आणि शेवटचं वाक्य माणसं आणि जनावरं यांत भेद न करता वापरायचा. तालुक्याच्या एका पुढाऱ्याने त्याचा सत्कार केला तेव्हा हे दिसलं. फ्लेक्सवर "जागतिक रॉकसम्राट" असं लिहून ह्याचा फोटो एका कोपऱ्यात टाकला होता. बाकी सगळीकडे पुढारी होते. भाषणात त्यांनी ब्राझीलचं वर्णन आफ्रिकेचा सुपुत्र असं केलं. मग हार घालायला ते पुढे झाले, तेव्हा फोटोवाल्याला नीट दिसावं म्हणून ब्राझील त्यांना म्हणाला, "सरक मागं." ते सरकले. शाल त्याने संध्याकाळी रिकार्द्याच्या पाठीवर टाकली. रिकार्द्याने ती खाल्ली.

तिसऱ्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जनावरांचे डॉक्टर खच्ची करायचा चिमटा घेऊन येणार, असं ठरलं. अडचण एकच होती. ब्राझीलने वैऱ्याला इतक्या निष्ठेने खाऊ घातलं होतं की तसा गोऱ्हा तालुक्यात दुसरा नव्हता. प्रदर्शनात त्याचा पहिला नंबर आला होता. पोळ्याला मानाच्या जोडीमागे त्यालाच चालवलं. तोरणाखालून तो मान वर करून निघाला आणि दोन्ही बाजूंनी लोक ओरडू लागले, रिकार्द्या, रिकार्द्या. ब्राझील माझ्या शेजारी गुलालाने माखून उभा होता.

"हितं बी त्याचंच नाव," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. दावं गहिनीनाथच्या हातात होतं, आणि तो ते सोडेना. एरवी हा माणूस दिवसभरात चार वाक्यं बोलतो. त्यातली दोन त्याने तिथे खर्च केली.

"पाव्हणं, ह्या मुक्या जितराबानं काय केलंय तुमचं? त्या दुसऱ्याचं ह्याच्यावर का काढता?"

ब्राझील बैलाकडे बघत राहिला. मग डॉक्टरांना म्हणाला, पुढच्या साली. डॉक्टर चहा पिऊन गेले. त्या संध्याकाळी त्याने पहिल्यांदाच गिटार पेटीतून काढली आणि गोठ्यात बसून ते गाणं बैलाला अथपासून इतिपर्यंत म्हणून दाखवलं. शेवटी त्याच्याकडे बोट रोखून म्हणाला, "हे माझं हाय. ध्यानात ठेव." गहिनीनाथ धारेची बादली घेऊन मागे उभा होता. बैलाने काय ध्यानात ठेवलं माहीत नाही. गहिनीनाथने ठेवलं.

पुढे दर पोळ्याला डॉक्टरांचा विषय निघायचा, पुढच्या सालावर जायचा आणि संध्याकाळी बैलाला गाणं ऐकवलं जायचं. रिकार्द्या गावचा वळू झाला.

गेल्या वर्षी ब्राझील आला नाही. चुलतभावाची मेल आली. ब्राझील झोपेत गेला होता. सोबत शोकसभेचा व्हिडिओ होता. रिकार्दो काळा चष्मा लावून मंचावर आला, हे गाणं मी माझ्या या मित्रासाठीच लिहिलं होतं असं म्हणाला, आणि गायला. लोक रडत होते. त्याचं म्हणणं चुलतभावाने इंग्रजीत लिहून पाठवलं होतं, ते मी गोठ्यात बसून गहिनीनाथला सांगितलं. गाणं त्याने सुरुवातीलाच ओळखलं होतं.

"परत लावा," तो म्हणाला. मी परत लावलं. पूर्ण ऐकून तो उठला आणि दाव्याला हात घालून म्हणाला, "सर, डॉक्टरला फोन लावा."

मी म्हटलं, मुक्या जनावराने काय केलंय, हे तूच म्हणाला होतास.

"तवा पाव्हणं जित्तं होतं. माफ करायचं का न्हाई ते त्येंनी बघायचं होतं. माज्या हातात न्हाई ते."

या वयाच्या बैलाला कशाला, म्हणून डॉक्टर कुरकुरले, पण काम त्यांनी केलं. रिकार्द्या एकदा मोठ्याने हंबरला आणि थोड्या वेळाने कडबा खाऊ लागला. तो बरा झाल्यावर गहिनीनाथने त्याला नांगराला जुंपलं. मी फोटो काढला. सोबतचं पत्र तीनदा खोडून चौथ्यांदा लिहिलं. इतकं चांगलं इंग्रजी मी नोकरीतही लिहिलं नव्हतं. या बैलाचं नाव काय, ते कोणी ठेवलं, का ठेवलं आणि त्याचं काय केलं, हे सगळं क्रमाने कळवलं आणि रिकार्दोच्या वेबसाइटवर जो ई-मेलचा पत्ता होता त्यावर फोटोसकट पाठवलं.

उत्तर लगेच आलं. आपल्या प्रेमाबद्दल रिकार्दो ऋणी आहेत, असं त्यात होतं, आणि खाली पुढच्या दौऱ्याच्या तारखा होत्या.

नांगर थांबवून गहिनीनाथने विचारलं, काय म्हणतोय. मी सांगितलं, आभार मानतोय.