अठ्ठ्याण्णवचं रीडिंग

लिहायला बसलो आहे खरा, पण आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नाही आणि कुणी काही लिहिलंही नाही. वडील भिलाईच्या पोलाद कारखान्यात क्रेन चालवतात. त्यांचं लिहिणं म्हणजे ड्यूटीच्या रजिस्टरातली सही. माझी शाळा हिंदी माध्यमाची. मराठी मी आईचं ऐकून शिकलो, वाचायला फार उशिरा लागलो. त्यामुळे शब्द कुठे चुकले तर वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. विषयही मोठा नाही. एका जुन्या विजेच्या गाडीची बॅटरी मी तपासली, एवढाच. पण त्या दिवसांत माझ्या मनात जे चाललं होतं ते मी कुणाला नीट सांगितलेलं नाही.

हुडको वसाहतीत आमच्यापासून दोन घरं सोडून एक काका राहतात. नात्याचे नाहीत, पण मूळचे भंडाऱ्याकडचे, आमच्याच बोलीचे, म्हणून काका. कारखान्याच्या इलेक्ट्रिकल विभागातून रिटायर झाले. त्यांची एकुलती एक मुलगी, जिला मी ताई म्हणतो, देवरीच्या पुढे साकोलीच्या अलीकडे एका गावात दिली आहे. ताईला सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे ठरलेलंच असतं. अडचण होती ती प्रवासाची. ताईला लहानपणापासून डिझेल-पेट्रोलचा वास सहन होत नाही. बसमध्ये, जीपमध्ये, कुठेही बसली की दहा मिनिटांत उलटी. आता तर विचारूच नका. रेल्वेच्या गर्दीत पाठवायला सासरचे तयार नव्हते. व्याह्यांनी स्पष्ट कळवलं होतं, नेण्याची नीट सोय असेल तर न्या, नाहीतर बाळंतपण इथेच होऊ द्या.

त्यात कारखान्याच्या सेक्टरमधल्या एका साहेबांची बदली झाली आणि ते आपली विजेची गाडी विकायला काढत होते. ना वास, ना धक्के. काकांनी दोन दिवस ट्रायलला म्हणून ती घरी आणली. फक्त एक शंका होती: गाडी पाच वर्षं चाललेली, बॅटरी किती उरली असेल? ताईचं गाव एकशे पस्तीस किलोमीटर. वाटेत चार्जिंगची जागा एक होती, पण ती कधी चालू, कधी बंद. पोटुशी पोरगी घेऊन हायवेवर अडकायचं नव्हतं.

आमच्या गल्लीत तार असलेली कुठलीही वस्तू बिघडली की माझ्याकडे येते. मिक्सर, इन्व्हर्टर, कुणाचं कानाचं यंत्रसुद्धा. मी इलेक्ट्रिकलला आहे, एवढं त्यांना पुरतं.

"का गा इंजिनियर," काका फाटकातूनच म्हणाले, "ते एक डबी येते म्हणे, गाडीले लावली का बॅटरीची तब्येत सांगते. पाहून दे ना."

"काका, मी आता थर्ड इयरलेच आहो."

"मंग अर्ध्याच्या वर झाला. चाल."

भिलाई-3 या भागात माझा एक मित्र गॅरेजमध्ये काम करतो. त्याच्याकडून मी ती डबी मागून आणली. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, काळी. स्टिअरिंगच्या खाली एक सॉकेट असतो, त्यात ती बसवायची. मग ती मोबाइलशी जोडली जाते आणि गाडीच्या आतल्या कंप्युटरला विचारून आकडे दाखवते. त्यातला एक आकडा बॅटरीच्या तब्येतीचा. नवी असताना शंभर, मग वर्षागणिक उतरत जातो.

सकाळी गेलो तर स्टिअरिंगला लाल पुठ्ठ्याचा टॅग लटकत होता. त्यावर काकांच्या अक्षरात, 'काम चालू है, हाथ न लगाएँ'. कारखान्यात कुठल्याही मशीनला हात लावण्याआधी तिची वीज तोडायची आणि टॅग लावायचा, ही काकांची चाळीस वर्षांची सवय. ज्याने लावला त्यानेच काढायचा. काकांनी रात्रीच बॉनेट उघडून छोट्या बॅटरीचं मायनस टर्मिनल खोलून ठेवलं होतं. विजेच्या गाडीतही अशी एक बारकी, बारा व्होल्टची बॅटरी असते, जिच्यावर दिवे, हॉर्न आणि तो कंप्युटर चालतो.

"काका, डबी लावायले बंद करावं नाही लागत," मी हसून म्हणालो.

"तुले नाही लागत. मले लागते," म्हणत त्यांनी टर्मिनल परत कसलं आणि टॅग काढून खिशात ठेवला.

काकू पायरीवर मेथी निवडत बसल्या होत्या. "दोन दोन डाक्टर एका गाडीची नाडी पाहून राहिले," त्या म्हणाल्या. "चहा ठेवू का सलाईन?"

मोबाइलवर आकडा आला. अठ्ठ्याण्णव.

मी दोनदा पाहिला. पाच वर्षांच्या गाडीला अठ्ठ्याण्णव. मला थोडं नवल वाटलं, हे खरं. पण काका माझ्या तोंडाकडे पाहत होते आणि मला तो आकडा मोठ्याने बोलण्याची इच्छा आवरली नाही. संध्याकाळपर्यंत काकांनी साहेबांना होकार कळवला, व्याह्यांना फोन केला, "नव्यासारखी बॅटरी आहे, पोरानं मशीन लावून पाह्यलं" असं सांगितलं, आणि पेढे वाटले. आईने माझ्याकडे पाहून देवापुढे एक पेढा ठेवला. मी दोन खाल्ले.

तिसऱ्या दिवशी कॉलेजच्या लॅबमध्ये मी ही गोष्ट लॅब असिस्टंटना सांगितली. थोडी फुशारकीच होती. ते सोल्डरिंग करत होते, मान वर न करता म्हणाले, "टेस्ट से पहले बारह वोल्ट वाली बैटरी तो नहीं निकाली थी? कुछ गाड़ियों में निकालो तो कंप्यूटर सब भूल जाता है। फिर नई गाड़ी जैसा नंबर दिखाता है, जब तक दोबारा सीखे नहीं।"

दुपारभर मोबाइलवर शोधत बसलो. त्याच मॉडेलच्या गाडीच्या दोन-तीन मालकांनी तेच लिहिलं होतं. म्हणजे मी वाचलेला आकडा बॅटरीचा नव्हताच. रात्रभर वीज तोडून ठेवल्यामुळे जुनं सगळं विसरलेल्या कंप्युटरचा तो अंदाज होता. खरा आकडा पंच्याण्णव असेल, नाहीतर सत्तरही असेल. आणि त्या आकड्यावर ताईला आणायचं ठरलं होतं.

त्या संध्याकाळी मी काकांच्या फाटकापर्यंत दोनदा गेलो आणि परत आलो. मला भीती काकांच्या रागाची नव्हती. गल्लीत लोक मला इंजिनियर म्हणतात ते बंद होईल, याची होती. आज लिहिताना लाज वाटते, पण तसंच होतं. वडील नाइट शिफ्टला जायला निघाले होते. मी त्यांना सांगितलं. ते बूट बांधत होते. "सांगून ये," एवढंच म्हणाले आणि सायकल काढली.

काका-काकू दोघंही पुढच्या खोलीत होते. काकूंनी ताईसाठी आणलेल्या साड्या पलंगावर पसरल्या होत्या.

"काका, तो आकडा चुकीचा असू शकते," मी म्हणालो आणि सगळं सांगितलं. टर्मिनल, कंप्युटर, सगळं.

"असू शकते म्हणजे?" काकू म्हणाल्या. "आहे का नाही ते सांग. व्याह्यांले सांगून बसलो आमी! कालेजात हेच शिकवते का?"

काकांनी साड्या बाजूला सारून मला पलंगावर बसवलं.

"टर्मिनल कोणं खोललं?" त्यांनी विचारलं.

"तुमी."

"टॅग कोणं लावला?"

"तुमीच."

"मंग तू कावून रडून राहिला?"

"वाचला तर मीच नं, काका."

"हाव, वाचला तू," ते म्हणाले. "आणि टर्मिनल परत कसलं ते तुह्यासमोर, तू विचारलं नाही. मी सांगतलं नाही. रीडिंग घेतलं तवा मशीन कोणत्या हालतीत होती, ते लिवा लागते. चाळीस साल लिवलं मी. घरी आलो का विसरलो." त्यांनी कपाटातून एक जुनी वही काढली. "आता बराबर करू. रिकाम्या गाडीचं टेस्टिंग काही कामाचं नाही. लोड टाकून चालवा लागते."

लोड म्हणजे काय ते मला रविवारी कळलं. गाडी शंभर टक्के चार्ज करून उभी होती आणि मागच्या सीटवर तांदळाची दोन पोती बसवलेली होती, ताई आणि तिच्या सामानाच्या वजनाची. पोत्यांना बेल्ट लावलेला, कारण नाहीतर गाडी टिंगटिंग वाजत राहते. तिसरी जागा काकूंची.

"माह्या पोरीच्या जागी तांदूळ बसवला," काकू म्हणाल्या. "आणि मी त्याच्या बाजूला. कोणी पाह्यलं तर का म्हणन?"

"म्हणन का सासू-सून जाऊन राह्यल्या," काका म्हणाले आणि गाडी सुरू केली. सुरू झाली हे कळलंही नाही.

आधी हायवेने राजनांदगावपर्यंत गेलो आणि परत आलो, कारण ताईच्या वाटेवरचा वेग तोच. दर दहा किलोमीटरला मी वहीत टक्के लिहीत होतो. एसी चालू ठेवला, कारण ताईलाही लागेल. मग उरलेलं अंतर भरायला जवळच्या उतई गावाच्या फेऱ्या सुरू झाल्या. दुसऱ्या फेरीला उतईच्या चहावाल्याने आत वाकून पाहिलं आणि छत्तीसगढीत विचारलं, तांदूळ फिरवायला काढला का. "कइसे कका, चाउर ला घुमाए बर निकले हस का?"

"हौ, घर में बोर होवत रहिस," काका गंभीरपणे म्हणाले. काकूंनी पदराने तोंड झाकलं, पण त्या हसत होत्या.

चौदा टक्क्यांवर आम्ही थांबलो. एकशे पंचावन्न किलोमीटर झाले होते. गाडी घरी लावून पूर्ण चार्ज केली. टॅग नाही, टर्मिनल नाही, कुणी हात लावायचा नाही. सोमवारी सकाळी मी डबी पुन्हा बसवली.

चौऱ्याऐंशी.

मी तो आकडा हळूच सांगितला. काकांनी मला वही दिली. मी लिहिलं: छोटी बॅटरी जोडलेली, गाडी पूर्ण चार्ज, त्याआधी एकशे पंचावन्न किलोमीटर भरलेली चाललेली, रीडिंग चौऱ्याऐंशी. "सही कर," काका म्हणाले. मी केली, त्याखाली त्यांनी. परीक्षेचे फॉर्म सोडले तर तोवर मी कशावर सही केली होती ते आठवत नाही.

मग त्यांनी माझ्यासमोरच व्याह्यांना फोन लावला.

"व्याही, मी अठ्ठ्याण्णव म्हटलं होतं, ते चुकलं. चौऱ्याऐंशी आहे. हाव. नाही, चालते. लोड टाकून चालवली, वीस किलोमीटर जास्तच चालली. नाही, नवी नाही म्हणता येत." मग बराच वेळ ते नुसते हाव हाव करत राहिले आणि फोन ठेवला.

"का म्हणे?" काकूंनी विचारलं.

"विचार करून सांगतो म्हणे."

काकूंनी पलंगावरच्या साड्या घडी करून पेटीत ठेवल्या. मी पहिला आकडा तसाच राहू दिला असता तर गाडी पोचली असतीच की, हा विचार त्या दोन दिवसांत माझ्या मनात अनेकदा आला. तो वाईट विचार होता का, मला अजूनही ठरवता येत नाही. बुधवारी फोन आला. व्याह्यांनी एकच विचारलं होतं, वाटेत लागलंच तर कुठे थांबाल. काकांनी जागा सांगितली, तिथे शनिवारी स्वतः जाऊन मशीन चालू असल्याची खात्री केली, आणि रविवारी सकाळी काका-काकू निघाले. रात्री ताईच्या घरी गाडी चार्ज करून सोमवारी दुपारपर्यंत परत यायचं होतं.

सोमवारी माझी तोंडी परीक्षा होती. मोबाइल बाहेर टेबलावर जमा करावे लागतात. आत मला काय विचारलं, त्यातलं अर्धं मला आठवत नाही. बाहेर आलो तर काकूंचे चार मिस्ड कॉल होते. उलट लावला तर कुणी उचलेना. पुन्हा लावला. मी कॉलेजच्या फाटकाबाहेर सावलीत उभा राहिलो. मित्र चहाला बोलावत होते, मी हातानेच नाही म्हणालो. कॉल चार का, एक पुरला नसता का, हेच डोक्यात फिरत होतं. सातव्या वेळी काकूंनी उचलला. मागे भांड्यांचा आवाज येत होता.

"कोठी होता रे तू? कवाची लावून राहिली मी," त्या म्हणाल्या. "ताई आली. देवरीच्या पुढं झोपली, ते घरापाशीच उठली. उठल्याबरोबर म्हणते, भूक लागली. आणि तुहे काका सांगून राहिले, पंचवीस टक्के उरले म्हणून सांग त्याले. कायचे पंचवीस ते मले नाही माहीत. तू घरी ये, पोळ्या टाकून राहिली मी."