अण्णांच्या नंबरावर गेलेला टेस्ट मेसेज

गुरुवारी दुपारी सिडकोतल्या आमच्या ऑफिसात माझ्याकडून एक ओळ बदलायची राहून गेली... झालं एवढंच.

आधी थोडं सांगतो. मी किनवटकडचा. नववीत शाळा सुटली. अण्णांचं, म्हणजे वडिलांचं, गावात पाण्याच्या जळालेल्या मोटारी रिवायंडिंग करून द्यायचं दुकान आहे, तिथं मी बसावं असं त्यांना वाटायचं. मी बसलो नाही. हॉटेल, शेंद्र्याच्या एमआयडीसीतली कंपनी, मोबाइल रिपेअरिंग... आणि आता सॉफ्टवेअर टेस्टिंग, तेही मोबाइलवर बघून बघून शिकलेलं.

शेवटचं घरून निघालो तेव्हा अण्णा म्हणाले, "तू एका जागी टिकणाराच नाहीस." त्यावर मीही नको ते बोललो. सव्वा वर्ष झालं, अण्णा माझ्याशी बोलले नव्हते. आईचा फोन येतो... मागं त्यांचं खोकणं ऐकू येतं, बस.

आता काम काय ते. आमच्याकडं हल्ली ॲप तपासायचं काम एआय करतं. पण त्याला थेट कशाला हात लावू देत नाहीत, मधे एक गेटवे असतो, फाटकावरच्या वॉचमनसारखा. एआय मागतं, ब्राउझर द्या, डेटाबेस द्या, मेसेज पाठवायचाय... कुठलं टूल द्यायचं ते गेटवे ठरवतो. प्रत्येक टूल आपापल्या कंटेनरमधे, म्हणजे कॉम्प्युटरमधल्याच एका वेगळ्या डब्यात, बंद. संध्याकाळी सगळे कंटेनर पुसायचे, सकाळी नवे कोरे उभे करायचे. हे माझं काम. दिवसातून माणसांशी चार वाक्यं होतात माझी, बाकी सगळं या डब्यांशी.

ॲप एका दवाखान्याचं होतं. खोटा पेशंट भरायचा, तो दाखल झाला की नातेवाइकाला मेसेज जातो का बघायचं. खोटा नंबर म्हणून आम्ही टेस्टर लोक दहा वेळा नऊ दाबतो. ॲपनं तसा नंबर घेणं नुकतंच बंद केलेलं. मग मला जो एकच नंबर पाठ आहे तो टाकला... दुकानाच्या पाटीवरचा. अण्णांचा. पेशंट म्हणून माझंच नाव. वाटलं, काय फरक पडतो, मेसेज थोडाच बाहेर जातोय.

आमच्याकडं मेसेजचं एक खोटं टूल आहे. मेसेज त्याच्यातच अडकतो, आम्हाला स्क्रीनवर दिसतो, कुणाला जात नाही. पण त्या दिवशी गेटवे नवा उभा केला होता आणि सेटिंगची फाइल मी जुनीच उचलली. त्यात खऱ्या मेसेजची ओळ चालू राहिली.

एआयनं टेस्ट तीनदा चालवली. तिन्ही वेळा पास.

फोन आम्हाला दाराशी जमा करावा लागतो. सातला हातात आला तर अण्णांचे अकरा मिस्ड कॉल. म्हटलं, आईला काही झालं. अण्णांचा फोन बंद. आईला लावला.

"गजू? तूच बोलायलास ना रे?" आई एवढंच म्हणाली आणि रडायलाच लागली. दवाखान्यातनं तीन मेसेज आले होते, गजानन दाखल आहे म्हणून. अण्णा मिळाली ती गाडी पकडून निघाले होते. इकडं कुठं जायचं, कुठला दवाखाना, काही माहीत नसताना.

रात्रभर अण्णांचा फोन लागलाच नाही, म्हणून सकाळी गावाकडच्या गाड्या येतात तिथं, बसस्टँडवर, मी उभा होतो. अण्णा उतरले. हातात पिशवी, तिच्यात चादर, स्टीलचा ग्लास, टॉवेल... पेशंटजवळ राहायच्या तयारीनं आलेले. मला बघून जागेवरच थांबले. मग जवळ येऊन दोन्ही दंड दाबून बघितले.

"कुठं लागलंय? दाव."

"कुठंच नाही अण्णा."

"मग फोन कामून उचलंना गेलास?"

चहाच्या गाड्यावर सगळं सांगितलं. गेटवे, कंटेनर, राहिलेली ओळ. वाटलं, आता चार लोकांत कानाखाली बसणार. अण्णा बशीत फुंकर मारत ऐकत राहिले.

"म्हंजे मेन स्विच चालू ठिवून मोटारीत हात घातलास म्हण की."

मी म्हटलं, हो. अगदी तेच.

"लहानपणापासून बोंबलायलोय. आधी मेन बंद, मग हात." बशी खाली ठेवून म्हणाले, "मी बी एकदा घातला होता. तुझ्या आईला अजून सांगितलं नाय."

आयुष्यात पहिल्यांदा अण्णा माझ्याशी कारागिरानं कारागिराशी बोलावं तसं बोलले...

दोन दिवस राहा म्हटलं. "दोन मोटारी उघड्या टाकून आलोय, लोकांचं पाणी अडलंय," म्हणाले आणि अकराच्या गाडीनं परत गेले. मी ऑफिसात जाऊन रुबीना मॅडमना, आमच्या टीम लीडना, चूक सांगितली. त्या डोक्याला हात लावून म्हणाल्या, "क्या रे बाबा, सीधा बाप का नंबर? और वो चले भी गए? घर लाना था ना, खाना खाके जाते." बोलता बोलता खरा मेसेज पाठवणारं टूल त्यांनी गेटवेतून कायमचं काढून टाकलं.

त्या दिवशी खोलीवर आलो तर खोली रोजच्यापेक्षा मोठी वाटली. या शहरात मी दोन वर्षं आहे. मला खरंच काही झालं असतं, तर चादर घेऊन इथलं कोण आलं असतं, याचा विचार केला... एक नाव सुचलं नाही. आणि जो माणूस रात्रभर उभ्यानं आला, त्यानं माझ्याशी बोलावं म्हणून मी मरणाच्या दारात आहे असं त्याला वाटावं लागलं. यात चूक त्यांची किती आणि माझी किती, ते मोजायचं मी सोडून दिलंय.

आज रविवार. सकाळी मीच अण्णांना फोन लावला. काम काहीच नव्हतं. तिकडं दुकानात एक मोटार ट्रायलला लावलेली, तिच्या आवाजात धड काही ऐकू येईना... तरी बराच वेळ दोघांनीही फोन ठेवला नाही.