विमलअक्काची सासू-जाळी

माझ्या घराच्या पुढच्या भिंतीची सिमेंटची जाळी मी स्वतः उभं राहून उलटी बसवून घेतली. गवंडी विचारत होता, "भाऊ, ही बाजू बाहेर ना?" आणि मी, गावातला एकमेव फोटो स्टुडिओवाला, कोणती बाजू देखणी ते मला कळतं या तोऱ्यात म्हणालो, "गुळगुळीत बाजू रस्त्याकडे. लोकांना दिसायला नको का?" लोकांना दिसलं. जाळी तर दिसलीच, जाळीतून माझा पलंग दिसला, दोरीवरचे बनियन दिसले, आणि दुपारी तोंड उघडं टाकून झोपलेला मीही दिसलो.

चौथ्या दिवशी विमलअक्का आली. जाळ्या तिच्याच आवारातून आणलेल्या. ती रस्त्यावर कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि आत न येताच बोलायला लागली.

"ओ फोटूवाला भाऊ, हाई काय करं रे तू? आतमाईन तुले काय दिसस?"

मी आत जाऊन बघितलं. "आभाळ दिसतंय, अक्का."

"आनि गल्लीले तुनं बठ्ठं घर दिसस. उठ, चादर घडी कर पहिले."

तिच्याकडे जाळ्यांचे अनेक प्रकार होते आणि प्रत्येकाला तिनं स्वतःचं नाव ठेवलेलं होतं. चौकोनी भोकांची ती शंकरपाळी, चार पाकळ्यांची ती करंजफूल. माझ्या भिंतीला होती ती तिरप्या पट्ट्यांची. तिचं नाव 'सासू'. नीट बसवली तर पट्ट्या बाहेरच्या बाजूला उतरत्या होतात. घरातल्या माणसाला सगळी गल्ली दिसते, गल्लीतल्याला घरातलं काही दिसत नाही, आणि पाऊस बाहेरच्या बाहेर निथळतो. उलटी बसवली की सगळंच उलटं.

"गुळगुळीत बाजू घरमा ऱ्हास," अक्का म्हणाली. "खरबरीत गल्लीकडे. गल्ली काय गाल घासाले येस का जाळीवर? फोड, आनि परत बसाड. जाळ्या मी देसू."

इथं मी दुसरा शहाणपणा केला. म्हणालो, "अक्का, हे मुद्दाम केलंय. शहरात आता अशीच फॅशन आहे."

तिनं एकदा जाळीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग म्हणाली, "बरं शे. ऱ्हाऊ दे मंग फॅशन." आणि चालू लागली. त्या पावसाळ्यात आम्ही फॅशनखाली बादल्या लावून झोपलो.

पिंपळनेरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव. वेशीजवळ समाजाची मोकळी जागा आहे. तिच्या एका कोपऱ्यात कडुनिंब आणि विहीर, आणि त्या निंबाखाली अक्काचं जाळ्यांचं आवार. सासऱ्याच्या काळापासून समाजानंच दिलेली जागा. नवरा, म्हणजे आमचे नाना, टेम्पो चालवायचे आणि बोलायचं काम पूर्णपणे अक्कावर सोपवून मोकळे झाले होते. रेती, कच, सिमेंट कालवून साच्यात ठोकायचं, साचा अलगद सोडवायचा, ओल्या जाळ्या सावलीत मांडून त्यांच्यावर गोणपाट टाकायचं आणि रोज पाणी मारत राहायचं, हा तिचा धंदा. खान्देशातल्या उन्हात पाणी कमी पडलं की जाळी बिस्किटासारखी मोडते. त्यामुळे सावली आणि विहीर सोडली तर अक्काला देवाकडेही काही मागायचं नसे.

तयार जाळी ती उचलून थेट स्वतःच्या तोंडासमोर धरायची आणि समोर जो असेल त्याला तिच्यातून न्याहाळायची. जाळी तपासायची तिची ती पद्धत. समोरचा मात्र विनाकारण ओशाळायचा. एकदा आमच्या समाजाचे अध्यक्ष, आबा, तिथं उभे होते. अक्कानं जाळीतून त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "जाळी सरळ शे. तुम्हीनच वाकडा उभा शेतस."

गावात काचेच्या खिडक्या यायला लागल्या तेव्हा लोक तिला सांगायचे, अक्का, आता जाळी कोण घेतो? ती हातातलं थापीचं काम न थांबवता म्हणायची, "काच लाव, मंग ऊन तापस म्हनीसन पडदा लाव, मंग जीव घाबरस म्हनीसन एसी लाव. इतलं झाकनं व्हतं ते खिडकी कसाले करी?" एका बंगलेवाल्यानं तिला फक्त शोभेपुरत्या, मागून बंद असलेल्या जाळ्या करून मागितल्या. तिनं त्याला चहा पाजला आणि परत पाठवला. "वारा जाई नही ती जाळी नही. तुले भिंत पाहिजे, वीट ली जाय."

हे सगळं आधी सांगायचं कारण, पुढच्या भानगडीत मी होतो, आणि माझी बाजू आधीच दुबळी आहे हे तुम्हाला माहीत असलेलं बरं.

आमच्या समाजाच्या सभा पूर्वी निंबाखालीच व्हायच्या. पुरुष सतरंजीवर, बाया देवळाच्या पायऱ्यांवर. ठराव मांडला की हात वर करायचे. पुरुषाचा हात एक, बाईचा हात एक. ही आमच्याकडची जुनी रीत, आणि तिचा कोणाला कधी त्रास झाला नव्हता. मग समाजाचं नवं सभागृह बांधायला काढलं. मी समितीचा सचिव. बोलतो बरा आणि फोटो फुकट काढतो, एवढ्या दोन गुणांवर. त्याच सुमारास आबांच्या मनात आलं की अक्काचं आवार हलवून तिथं लग्नाच्या गाड्या लावायला जागा करावी. तिला वरच्या माळावर जागा देऊ, म्हणाले. माळावर ना झाड, ना पाणी. तिथं जाळी होणार नाही हे आबांना माहीत होतं आणि अक्कालाही. ठराव सभागृहाच्या उद्घाटनाच्या दिवशीच मांडायचा, असं ठरलं.

आता गावातल्या बाया अक्काच्या बाजूनं हात वर करणार हे उघड होतं. आबांनी त्याच्यावर उपाय काढला आणि तो मांडायला मला उभं केलं. मी निंबाखाली उभा राहून झकास भाषण ठोकलं. नव्या सभागृहात बायांसाठी मागच्या भागात स्वतंत्र कक्ष. मध्ये सुंदर जाळीची भिंत. लेकरांना घेऊन मोकळेपणी बसता येईल, पदर सावरायला नको, वारा मिळेल. मला स्वतःला ही कल्पना इतकी आवडली की त्यामागं काय आहे याचा मला पत्ताही नव्हता. आबांनी सगळ्यांत भोळा माणूस निवडला होता.

पायरीवरून अक्का म्हणाली, "फोटूवाला भाऊ, जाळीमांगला हात कसा मोजशात?"

मी हसून म्हणालो, "अक्का, त्यात काय? व्यासपीठावरून जो हात दिसेल तो मोजायचा. नियम सगळ्यांना सारखा."

"बठ्ठासले सारखा?"

"सगळ्यांना सारखा."

"आबा, तुमले मान्य शे?"

आबांनी मान डोलावली. त्यांना तर हेच हवं होतं. पायऱ्यांवर बाया कुजबुजल्या, आणि माझ्या बायकोनं माझ्याकडे असं बघितलं की मला जेवणाची काळजी वाटली.

सगळ्यांना धक्का बसला तो पुढं. त्या भिंतीचं काम अक्कानं स्वतः मागून घेतलं. मी तिला विचारलंही, "अक्का, बायांना जाळीमागं तूच बसवणार?" ती साच्याला तेल लावत होती. म्हणाली, "जाळी मी करसू. कोन कोठे बठी, ते माले काय माहीत?"

भिंत उभी राहत असताना मी फोटो काढायला गेलो आणि जागच्या जागी हरखलो. जाळी 'सासू' होती. आणि तिची गुळगुळीत बाजू व्यासपीठाकडे होती, खरबरीत मागं! मागं बसणाऱ्याला सभेतलं काही दिसणार नाही, नुसते छताचे पंखे दिसणार. म्हणजे जी चूक मी केली, ज्या चुकीवरून अक्कानं गल्लीत उभं राहून माझं हसं केलं, तीच चूक खुद्द अक्कानं केली होती! मी तसाच फोटो काढून निघालो. घरी येऊन बादलीशेजारी बसून एकटाच हसलो. बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अक्का चुकली? जाळीच्या बाबतीत? तुम्ही परत जाऊन नीट बघून या." मी कशाला जातो? मी तर भर सभेत अक्काला काय म्हणायचं त्याची वाक्यं तयार करत होतो. 'अक्का, ही पण फॅशन का?' हे मला सगळ्यात आवडलं होतं.

उद्घाटनाला साक्रीहून पाहुणे येणार होते. आमच्याकडे पाहुणा येण्याआधी गावच्या पुरुषांनी फाटकाशी फेटे बांधून उभं राहायचं असतं. फेटे बांधणारा एक, डोकी गावभर. प्रत्येकाला तुरा मोठा हवा. वाजंत्री सुरू, पाहुण्यांची गाडी उशिरा, आणि सगळे पुरुष फाटकाशी माना ताठ करून उभे. मी तर दोनदा फेटा सोडून परत बांधून घेतला, कारण तुरा फोटोत डावीकडे पडत होता.

शेवटी पाहुणे आले. त्यांना नि आबांना व्यासपीठावर चढवलं, आणि आम्ही सगळे पुढच्या दाराशी आलो तर उंबऱ्यापर्यंत बाया. गावातली एक बाई घरी राहिली नव्हती. लेकरं, पाण्याच्या बाटल्या, वाती वळायचे डबे, सगळं मांडून बसलेल्या. पहिल्या रांगेत विमलअक्का, मांडी घालून, आणि तिच्या शेजारी, सांगायला लाज वाटते, माझी बायको.

आबा माइकवरून म्हणाले, "माताभगिनींनो, तुमची सोय मागे केली आहे. मुद्दाम केली आहे."

अक्का बसल्या जागेवरून म्हणाली, "सोय भारी शे, आबा. म्हनीसन तुमनासाठे ठेवी."

पाहुण्यांसमोर बायांना उठवायचं कसं? आम्ही फेटेवाले गुपचूप मागच्या दारानं जाळीमागं जाऊन बसलो. मी कॅमेरा जाळीला लावला. आजही तो फोटो माझ्याकडे आहे. उद्घाटन सोहळा म्हणून त्यात एक पंखा आणि त्याच्यावरचं जळमट स्वच्छ आलेलं आहे.

आबांनी आवार हलवायचा ठराव वाचला. बाजूनं हात वर करा म्हणाले. जाळीमागं हातांचं रान उठलं. व्यासपीठावरून पट्ट्यांच्या उतारानं आबांना आमची धोतरं दिसत होती, विजारी दिसत होत्या, गुडघे दिसत होते. हात एकही दिसत नव्हता.

कोणीतरी ओरडलं, "आबा, आमना हात वर शेतस!"

अक्कानं मागं वळूनही बघितलं नाही. "पंखाले दखाडा," म्हणाली.

पाहुणे हसले. आबा सचिवाला शोधायला लागले. "भाऊ, नियम काय ठरला होता?" जाळीमागून मीच केलेला नियम मलाच सांगावा लागला. दिसेल तो हात. सगळ्यांना सारखा.

तेव्हा अक्का उभी राहिली. आवाज चढवला नाही. तिचा आवाज मुळातच चढलेला असायचा.

"आबा, ती जागा मनी नही. मना सासरानी नही. समाजनी शे. समाज आठे बठेल शे. विरोधना हात मोजा."

बांगड्यांचा एकच आवाज झाला. आबांनी मोजायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिली. आवार निंबाखालीच राहिलं.

दुसऱ्या दिवशी मी तिला विचारायला गेलो, की हे काम तू घेतलंसच कशाला? तिनं ताजी जाळी तोंडासमोर धरली, तिच्यातून मला न्याहाळलं आणि म्हणाली, "दुसरानी घेतं व्हतं ते तो सुलटी बसाडता." मग जाळी बाजूला करून म्हणाली, "आनि उलटी बसाडी का काय व्हस, ते तुना घर दखीसन समजनं माले. तुना उपकार शेतस, भाऊ."

ती भिंत आजही आहे. जो आधी येईल तो पुढं बसतो, एवढाच आता नियम. त्यामुळे तालुक्यात वेळेवर सुरू होणारी सभा बहुधा आमचीच असेल. फेटे बांधायची रीत मात्र हळूहळू बंद पडली.

गेल्या उन्हाळ्यात अक्का गेली. छातीचं दुखणं निघालं तेव्हा धुळ्याच्या दवाखान्यात भेटायला गेलो होतो. तिच्या खाटेशेजारची खिडकी प्लायवूड ठोकून बंद केलेली होती, आणि अक्का नर्सबाईंना सांगत होती, "ते काढ, बेटा. मी आजारी शे, पार्सल नही." संध्याकाळपर्यंत तिनं ते काढायला लावलं. वारा आत आला तो मेचा, भट्टीतल्यासारखा. तरी ती त्याच्याकडे तोंड करून पडून राहिली. मला म्हणाली, "घर जाय. सभा शे ना आज? आबा पुढे बठी जाई." ती तिची माझी शेवटची भेट.

आता आवार तिची लेक रत्ना चालवते. साचे तेच, निंब तोच, जाळी तोंडासमोर धरायची खोडही तीच. परवा पाऊस तोंडावर आला म्हणून मी तिच्याकडे गेलो. म्हटलं, रत्ना, आता फॅशन पुरे झाली. माझी जाळी फोड आणि सुलटी बसवून दे. अक्का असती तर आज तिला हे सांगितलं असतं.

रत्नानं जाळी खाली ठेवली.

"नही जमाव, मामा. आई सांगी गयी शे, बठ्ठा गावनी जाळी बदल, पन फोटूवालानी बदलू नको. तो दुपारले झोपस तवय गल्लीले दुसरी करमनूक काय शे?"