विहिरीत काय पडलं होतं?

"तुमच्या वडिलांना हॉस्पिटलात आणलंय," असं फोनवरची बाई म्हणाली आणि मी फोन ठेवून दिला. ठेवणारच! म्हाताऱ्यांच्या मुलांना इथे जर्मनीत असे खोटे फोन सर्रास येतात. आधी अपघात, मग रडारड, मग पैशांची मागणी. अब्बांनी त्यावर आम्हा दोघा भावंडांना तोडगा शिकवून ठेवला होता. घरच्यांचं नाव घेऊन कुणीही फोन केला की आधी विचारायचं, विहिरीत काय पडलं होतं? प्रश्न कुठल्याही भाषेत विचारा, उत्तर मराठीतच आलं पाहिजे. त्या बाईला ते आलं नाही. पाच मिनिटांत पुन्हा फोन वाजला. या वेळी अब्बांच्या खालच्या मजल्यावरची फ्राऊ माउरर, म्हणजे माउररबाई होती. "हनीफा, तुझे वडील गेले गं... जिना झाडता झाडता पडले." मी तिलाही तोच प्रश्न विचारला. रागानेच विचारला, कारण आमच्या घराने जगात सगळ्यात जास्त संशय कुणावर घेतला असेल तर तो हिच्यावर. पलीकडून ती जर्मन वळणाने म्हणाली, "गडिआल."

घड्याळच पडलं होतं. दापोलीजवळच्या आमच्या गावी, जर्मनीला निघायच्या आदल्या दिवशी, अब्बा पाणी शेंदायला वाकले आणि सासऱ्यांनी लग्नात दिलेलं घड्याळ मनगटावरून सुटून थेट विहिरीत गेलं. सासऱ्यांना त्यांनी ते शेवटपर्यंत कळू दिलं नाही. अम्मी, माझा भाऊ इम्रान आणि मी, एवढ्यांनाच ते ठाऊक. त्यातली अम्मी तीन वर्षांपूर्वी गेली. मग या बाईला कुणी सांगितलं? अब्बा गेल्याचं नीट कळायच्या आधी माझ्या डोक्यात हे आलं. अशी मी, त्यांचीच मुलगी.

अब्बा झिंडेलफिंगेनला मोटारींच्या कारखान्यात सुटे भाग तपासायचे. दिवसभर भागांवर संशय घ्यायचा आणि संध्याकाळी उरलेल्या जगावर. वाढदिवसाला वर्गात वाटलेल्या गोळ्यासुद्धा खिशातून घरी यायच्या. त्यात डुकराचं जिलेटिन नाही ना, हे ते चष्मा कपाळावर चढवून, पाकीट डोळ्यांना चिकटवून वाचायचे. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि अब्बांचं तोंड बऱ्याचदा पोळलं होतं. घर शोधताना त्यांनी फोनवर आडनाव 'परकार' सांगितलं की घर नुकतंच गेलेलं असायचं. कारखान्यातल्या जर्मन मित्राने दहा मिनिटांनी फोन केला की ते परत यायचं! मी शाळेत जाऊ लागले तेव्हा त्यांनी बजावलं होतं, "बसमध्ये दप्तर विसरायचं नाही. बाकीच्यांचं विसरलं तर ते दप्तर असतं. आपलं विसरलं तर पोलीस येतात." मी तेव्हा आठ वर्षांची होते. कुठे बॉम्ब फुटला की दुसऱ्या दिवशी बाई वर्गात विचारायच्या, "हनीफा, तुला काय वाटतं?" मला काय वाटणार? आपल्या लोकांतही वेगळं नव्हतं. स्टुटगार्टच्या गणपतीला एक काकू अब्बांना म्हणाल्या, "अय्या, तुमचं मराठी किती छान आहे हो!" अब्बा हसून म्हणाले, "तुमचंही." घरी आल्यावर मात्र जेवले नाहीत.

फ्राऊ माउरर तर शत्रू नंबर एक. ही कायम पडद्याआड उभी. आमच्या इमारतीत जिना झाडायची पाळी आठवड्याआठवड्याने फिरते. पाळीची पाटी ज्याच्या दारावर, त्याने झाडायचं. आमच्या पाळीला ही पायऱ्यांवरून बोट फिरवून बघते, अशी अम्मीची खात्री होती. रमजानात आमच्या दाराबाहेर पाहुण्यांच्या चपला जमायच्या. त्यावरून कुणीतरी घरमालकाकडे तक्रार केली. कुणी केली हे आम्हाला विचारावंही लागलं नाही. अम्मी गेल्यावर तिने सूप आणून दिलं तेव्हा अब्बा मला फोनवर म्हणाले, "भाजीचंच आहे म्हणते. पण म्हणते ना फक्त!" पुढे दर गुरुवारी दुपारी त्यांचा फोन बंद लागायला लागला. विचारलं की म्हणायचे, "डॉक्टरकडे गेलो होतो." मी मोठ्या आजाराच्या धास्तीने झुरत राहिले. आता कळलं, ते खाली फ्राऊ माउररकडे कॉफी प्यायचे.

हे तिनेच सांगितलं, आणि वर म्हणाली, "त्यांना इथेच पुरा." इम्रान भडकला. शव गावी न्यायची त्याने सगळी तयारी चालवली होती. इथे कबरीची जागा ठरावीक वर्षांसाठी मिळते, मुदत संपली की पुन्हा मागावी लागते. "भाड्याची कबर! मेल्यावरही घरमालक?" असं अब्बा आमच्यासमोरच म्हणाले होते. पण ती म्हणत होती की ते दोघे जाऊन कब्रस्तानातला मुसलमानांचा भाग बघून आले, आणि येताना अब्बा म्हणाले, "पोरं गावी येणार नाहीत. इथवर बस येते." लिहिलेलं काहीच नाही, नुसता तिचा शब्द. इम्रान म्हणाला, "हिच्यावर विश्वास ठेवायचा? हिच्यावर?" मला ती खोटी ठरायला हवी होती, खरं सांगते. अब्बांनी मरणाचं बोलणं आमच्याशी न करता तिच्याशी केलं, हे मला सहनच होईना. पण नियम अब्बांचाच होता. ज्याला घड्याळ ठाऊक, त्याचं ऐकायचं. अब्बांना आम्ही इथेच दफन केलं. पुरुष पुढे होते. मी मागे झाडाखाली उभी होते आणि शेजारी काळा कोट घालून ती.

काल मी त्यांचं घर आवरत होते. बेल वाजली. दार उघडलं, पण साखळी लावूनच. अब्बांनी तीसेक वर्षं कुणालाही असंच दार उघडलं. फटीतून फ्राऊ माउरर दिसली, हातात पाळीची पाटी. "ही आता मी माझ्याकडे ठेवते, तुम्ही कुठे येणार झाडायला," म्हणाली. मग जरा घुटमळली. "एक विचारू? सगळे कबरीपासून मागे सरले, तरी इमाम तिथेच काहीतरी सांगत उभे होते. कुणाला सांगत होते?"

"अब्बांना," मी म्हटलं. "माणसं परत गेली की कबरीत दोन फरिश्ते येतात, प्रश्न विचारायला. तुझा रब कोण, तुझा दीन, म्हणजे धर्म कोणता. त्यांच्या उत्तरांची इमाम आठवण करून देतात."

तिने पाटी काखेत धरली. "पण तुझे वडील आधी त्यांनाच विचारतील ना," ती म्हणाली, "विहिरीत काय पडलं होतं?"

मला हसू आलं, आणि मग इतके दिवस अडलेलं रडू. जिन्यात आवाज घुमायला लागला तशी मी साखळी काढली आणि म्हटलं, "आत या. चहा टाकते. आणि आमच्याबद्दल ते तुम्हाला काय काय सांगायचे, ते सगळं मला सांगा."