गोफणीचा हात

गोल्फचा विषय निघाला की मी आजवर एक गोष्ट सोडून बाकी सगळं सांगत आलो. छावणीतलं मैदान, साहेबांच्या फजित्या, झुडपात चेंडू शोधताना निघालेला साप. माझ्या मित्राचा खेळ मध्येच का सुटला असं कुणी विचारलं, तर म्हणायचो, "बिघडतो एखाद्याचा हात." ते खरं नव्हतं. हात मी बिघडवला होता.

तो पिंपळगाव राजा या गावचा, मी बीबी गावचा. पलटणीत आमच्या जिल्ह्याचे दोघंच, म्हणून गट्टी जमली. माझं गाव जालन्याच्या बाजूला, म्हणून बोलण्यात तिकडचा सूर येई, त्यावरून तो मला रोज चिडवी. रविवारी आम्हा जवानांनाही मैदानावर खेळू देत. साहेबांच्या जुन्या काठ्या, म्हणजे क्लब, घासलेले चेंडू आणि सकाळचं धुकं. तेवढ्यासाठी आम्ही आठवडाभर वाट पाहत असू.

तो ठेंगणा, पण हात लांब. लहानपणी ज्वारीच्या दिवसांत माळ्यावर उभा राहून त्यानं गोफण फिरवलेली. क्लब हातात आला तेव्हाही त्याचं अंग तसंच फिरलं. आधी कंबर वळे, मागून हात येत आणि अगदी शेवटी मनगट सुटे. चेंडू असा जाई की पिशव्या वाहणारे कॅडीसुद्धा थांबून बघत.

क्लब किती कलून फिरतो, यावर गोल्फमध्ये सगळं अवलंबून. बैलगाडीचं चाक काढून भिंतीला तिरपं टेकवावं आणि क्लबनं त्याच्या कडेकडेनं फिरावं, तसं ते असतं. उंच माणसाचं चाक जास्त उभं, ठेंगण्याचं जास्त कललेलं. ज्याचं त्याचं चाक ज्याच्या त्याच्या अंगावर ठरतं. हे मी पुस्तकात वाचलं होतं. वाचणारा मी एकटाच, म्हणून तो मला गुरुजी म्हणायचा.

पलटणीच्या संघात एक जागा रिकामी झाली. ती त्याला मिळणार हे सगळ्यांना दिसत होतं. मलाही.

"तुझा क्लब खांद्याच्या फार मागं जातो," मी एका रविवारी म्हणालो. "वर उचल. कानाजवळून ने."

"काऊन बे? चेंडू तं सरळ जाऊन राह्यला."

"आज जातोय. सामन्यात फसशील. इथं पाखरं हाकलायची नाहीत."

तो हसला. "बरं गुरुजी. तू म्हणशीन तसं."

चाकाचं मी त्याला सांगितलं नाही.

तो उंचावरून फटका मारायला लागला, तसा क्लब कुऱ्हाड घातल्यासारखा जमिनीत रुतायला लागला. कधी ढेकूळ उडे, कधी चेंडू उजवीकडच्या झुडपांत. संध्याकाळी बराकीमागं तो काठी घेऊन तेच घोटत बसे. "मले काही समजून नाही राह्यलं बे," म्हणे. मी म्हणायचो, "बसेल हळूहळू." बसलं नाही. जागा मला मिळाली. सामन्याला माझी पिशवी खांद्यावर घेऊन तोच चालला, माझ्या प्रत्येक फटक्याला "वा गुरुजी" म्हणत. त्यानंतर त्यानं क्लब धरला नाही.

निवृत्तीनंतर मी दर हिवाळ्यात त्याच्याकडे जाऊ लागलो. मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात पिशवीत एक जुना क्लब आणि थोडे चेंडू टाकून नेले. सोयाबीन निघालेलं रान मोकळं होतं, शेजारच्या पट्ट्यात ज्वारी दाण्यावर आलेली. पाखरांचा थवा उतरला तशी त्यानं बांधावरची अंबाडीची गोफण उचलली. आधी कंबर, मग हात, शेवटी मनगट. खडा ज्वारीच्या पार पलीकडे गेला. म्हातारपणातही तो हात जसाच्या तसा होता.

मी क्लब पुढं केला. "मार एक."

तो चेंडूपाशी उभा राहिला, श्वास घेतला आणि क्लब कानाजवळून सरळ वर नेला. मी शिकवला होता तसा. खाली आला तो मातीत. चेंडू वीतभर घरंगळला.

"पाह्य, अजूनही तू सांगतलं तसंच करून राह्यलो," तो हसत म्हणाला. "तुह्या सांगण्यात खोट नव्हती. माह्याच हातात नव्हतं ते."

गोफण त्याच्या खांद्यावरच होती. "आत्ता खडा मारलास तसं मार," एवढं म्हटलं असतं तरी पुढचं आपोआप निघालं असतं. मी क्लबची माती पुसत राहिलो. तेवढ्यात वहिनींनी बांधावरून हाक मारली, "भाऊजी, चहा निवून राह्यला!" आणि त्याच्या आधी मीच निघालो.

गेल्या पावसाळ्यात तो गेला. दहाव्याला वहिनी म्हणाल्या, "तुमच्या गोल्फचं लय सांगत असत, भाऊजी. गुरुजी चांगला भेटला होता म्हणत." मी मान हलवली.

दरवर्षी पिंपळगाव राजाला जाताना बसमध्ये मी मनात जुळवाजुळव करायचो आणि उतरलो की ती तिथंच राहायची. फार मोठं काही बोलायचं नव्हतं. तुझा हात चांगला होता बे. मला ठाऊक होतं, तरी मी मोडला. माफ कर.