सहा हजार मैल

आमच्या मंडळाला मोटारसायकल हवी होती ती मिरवायला नव्हे. सीमेवरच्या गावांत आमची पत्रकं वेळेवर पोचत नव्हती. गिरगावातल्या एका छापखान्यात मी प्रुफं तपासायचो. काम संपलं की तिथेच बसून पत्रकं लिहायचो, छापून घ्यायचो, गठ्ठे बांधायचो. ते गठ्ठे वाटेत कुठेतरी पडून राहायचे आणि सभा होऊन गेल्यावर गावात उतरायचे. संयुक्त महाराष्ट्र ज्या गावांसाठी मागायचा, त्यांनाच आपलं म्हणणं कळू नये, याचा मला संताप यायचा. शेवटी मंडळाने वर्गणी काढली. लांब पल्ल्याची, मागे दोन्ही बाजूंना पेट्या लावता येतील अशी जुनी मशीन घ्यायची ठरली. निवड माझ्यावर सोपवली. मशीन घाटात बसली तर पत्रकंही बसणार होती, आणि लोकांनी पुन्हा आमच्या हातात काही दिलं नसतं.

मला मोटारसायकलीतलं काही कळत नव्हतं. चालवणार होता माझा मित्र, मी मागे बसणार होतो. मित्र नायगावच्या बी. डी. डी. चाळीत राहायचा आणि परळच्या एका गॅरेजात फिटर होता. आदल्याच वर्षी त्यांच्या घरातले देव गेले होते आणि भिंतीवर बुद्धाची तसबीर आली होती. मला तो नावाने कधी हाक मारायचा नाही. लेखक म्हणायचा, आणि त्या शब्दात आदर नसायचा.

पहिली मशीन आम्ही रे रोडला पाहिली, एका लाकडाच्या वखारीत. लढाईच्या काळातली, लष्कराने मोडीत काढलेली. वय चौदा वर्षं. मीटरवर मैल जेमतेम अकराशे. आकडा पाहून मी हरखलो.

"अरे, ही तर कोरी आहे!"

मित्राने पेट्रोलच्या नळीला नखाने टोचलं. रबराचा तुकडा गळून खाली पडला.

"काल कुणी खाल्ली नाही म्हणून भाकरी आज ताजी राहते का रे, लेखक?"

"पण मैल बघ ना. मैल खोटं बोलत नाहीत."

"मैल सोड, वय पण सोड," तो हात पुसत म्हणाला. "किती जुनं आहे यावरून आमच्याकडे आता कुणी काही मानत नाही. चालतंय का, ते बघायचं."

तरी माझं मन त्या अकराशेवरच अडकलं होतं. मी छापलेल्यावर वाढलेला माणूस. आकडा दिसला, काळ्यावर पांढरा, की माझा त्यावर विश्वास बसायचा.

दुसरी मशीन डिलाईल रोडला होती. पत्ता गॅरेजातल्या कुणीतरी दिला होता. संध्याकाळ व्हायला आली होती. चाळीच्या मागच्या अंगणात, नळाजवळ, गोणपाटाखाली ती उभी होती. विकणारा गृहस्थ गिरणीत कापड विणायच्या साच्यावर काम करायचा, मूळचा मालवणकडचा. पन्नाशीचा, बारीक अंगाचा, स्वच्छ सदरा. त्याने गोणपाट काढलं ते झोपलेल्या माणसावरचं पांघरूण काढावं तसं, एका कडेने, हळू.

"विलायतेला परत चाललेल्या एका सायबाची," तो म्हणाला. "चार वर्षांची. झीलाने, माझ्या मुलाने घेतली, मोडलेली होती. त्यानेच उभी केली. नवे टायर घातले, मीटर पण नवो घातलो. तेव्हापास्नं जेमतेम तीन हजार मैल चालली असेल."

मित्र उकिडवा बसला. मी मीटरवरची धूळ पुसली. नऊ हजार एकशे काहीतरी.

"किती म्हणालात?"

"तीन हजार."

"इथे नऊ आहेत."

तो मीटरकडे पाहत राहिला. खाली मित्र टायरवरून बोट फिरवत होता. पाय ठेवायच्या रबराची नक्षीही झिजलेली नव्हती. "टायर बदलले का हो मधे?" त्याने विचारलं.

"नाय. तेच आहेत."

"हे जमत नाही," मित्र स्वतःशीच पुटपुटला. "टायर तीन म्हणतात, मीटर नऊ."

मी त्याला पुढे बोलू दिलं नाही. माझ्या डोक्यात सगळं जमलं होतं: टायर नवे घालायचे, रबर नवं घालायचं, झीज लपवायची, आणि मीटर बदलायचा राहून गेला. मला आवाज चढवायला वेळ लागत नसे. गॅलरीतून बायका वाकून पाहू लागल्या, तसा तो आणखीच चढला.

"काका, हा लोकांचा पैसा आहे. बायकांनी मंगळसूत्राचे मणी दिलेत यात. ज्या डिलाईल रोडच्या पोराने छाती उघडी करून गोळी झेलली, त्याच डिलाईल रोडला तुम्ही चळवळीला खोटा आकडा सांगता? लाज नाही वाटत?"

ते छाती उघडी करून गोळी झेलणं माझंच वाक्य होतं. गोळीबारानंतरच्या माझ्या पत्रकातलं. सभांमध्ये लोक ते पाठ म्हणायचे. मला त्या वाक्याचा अभिमान होता.

वर कुणीतरी "अरे, गप कर त्याला" म्हणालं. एका म्हातारीने पदर तोंडाला लावला. तो गृहस्थ मात्र माझ्याकडे असा पाहत होता, जणू मी दुसऱ्याच कुणाशी बोलतोय. मग त्याने गोणपाट उचललं, घडी घातली आणि म्हणाला, "बरं. नको तर नको."

आम्ही निघालो. मी रस्त्याला लागेपर्यंत बोलतच होतो. रे रोडची घेऊन टाकू, नळ्या बदलू, अकराशे मैल म्हणजे काय थट्टा आहे. कोपऱ्यावरच्या पानवाल्याने घड्याळाकडे पाहिलं आणि सहज म्हणाला, "सुटली साडेसहाची गाडी."

मागे इंजिन सुरू झालं होतं.

मित्र थांबला. कान देऊन ऐकू लागला. "गिअरात आहे," तो म्हणाला. "पण जागची हलत नाही. ऐक. आवाज लांब जात नाही की जवळ येत नाही."

तो वळला, आणि त्याच्या मागून मी.

अंगणात मशीन स्टँडवर चढवलेली होती. मागचं चाक जमिनीपासून बोटभर वर, वेगाने फिरत होतं. तो गृहस्थ सीटवर ताठ बसला होता, दोन्ही हात हँडलवर, नजर समोरच्या नळाच्या भिंतीवर. धूर अंगणात साचत होता, पण कुणी खिडकी लावत नव्हतं. नळावर हंडे तसेच वाहत होते आणि बायका बाजूला उभ्या होत्या. वर गॅलरीत एक बाई पायांवर घालायचं पाणी तांब्यात घेऊन उभी होती. खाली बघत नव्हती. जिन्याकडे बघत होती.

मित्राने माझा दंड धरून मला मीटरपाशी नेलं. आकडा सरकत होता.

"केबल गिअरबॉक्समधून येते," तो माझ्या कानाशी म्हणाला. "चाक जमिनीवर फिरो की हवेत, मीटरला काय कळणार? सहा हजार मैल, लेखक. या नळासमोर."

जवळच उभी असलेली म्हातारी मला म्हणाली, "दीड वरीस झाला. रोज अर्धो तास. विडी सोडली, तंबाखू सोडली, सगळा ह्या पेट्रोलात. तेचो झील कामावरनं ह्याच टायमाक ह्या मशीनवरनं येय. तुम्ही म्हणालात ना, छाती उघडी करून? तोच तो."

मी त्या घरातल्या मुलाला दीड वर्ष माझ्या पत्रकांतून गावोगाव फिरवलं होतं, आणि त्याचं घर मी आज पहिल्यांदा पाहत होतो.

अर्धा तास झाल्यावर त्याने इंजिन बंद केलं. गॅलरीतल्या बाईने तांब्या कुंडीत रिकामा केला आणि ती आत गेली. मी पुढे जाऊन म्हणालो, "काका, माझी चूक झाली. मी..."

"पत्रक तुम्हीच लिहिलंत?"

"हो."

"अक्षर न अक्षर तेच बोललात, म्हणून विचारलं." त्याचा आवाज शांत होता, आणि तो शांतपणा मला सोसत नव्हता. "तो छाती काढून नाय गेलेला हो. नवी चेन आणायला गेलेला, ह्या मशीनची, जुनी सैल झालेली. दुकानं बंद होतील म्हणून घाईत गेला. सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावलेली होती. मीच लावून दिली, हातांना ग्रीस होतं त्याच्या."

मी खाली पाहिलं. माझ्या दोन्ही हातांच्या नखांत छापखान्याची शाई होती.

"ते पत्रक हिने फोटोमागे ठेवलंय," तो म्हणाला. "वाचते. मग मला विचारते, आपला झील असा होता? मी काय सांगू? तुम्ही मला मघाशी खोटा म्हणालात. त्याचं काय नाय. पण ते छापलेलं आहे."

मित्राने मशीनवर हात ठेवला. "काका, विकता का मग?"

"उभ्या उभ्या म्हातारी होतेय ती. चालून झिजली तर बरं. अशी झिजली तर झील मला सोडायचा नाय." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "न्या. किंमत सांगितली तीच. पण जिथे न्याल तिथे सांगा, चेन आणायला गेला होता म्हणून. लोकांसमोर. तुमच्या तोंडाने."

वरून त्या बाईची हाक आली, "च्या घेतल्याशिवाय जाव नको म्हणा त्यांका."

आम्ही चहा घेतला. मी कप धरून बसलो, मला तो संपवता आला नाही. फोटोतला मुलगा माझ्याहून लहान होता आणि किंचित तिरळा होता. पत्रकात मी त्याचे डोळे सूर्यासारखे लिहिले होते.

मंडळातल्यांना मी अट सांगितली तेव्हा ते चिडले. चेनचं काय सांगायचं लोकांना? लोक हुतात्म्यासाठी जमतात, चेनसाठी नाही. मी म्हणालो, मग मशीन नको. बरंच भांडण झालं, काही जण उठून गेले, आणि शेवटी मशीन आली. घाटात एकदाही बसली नाही. सीमेवरच्या पहिल्याच गावात, देवळाच्या पारावर, मी ते वाक्य मागे घेतलं. टाळ्या पडल्या नाहीत. लोक आपापल्या मुलांकडे बघत राहिले. परतीच्या वाटेवर मित्र म्हणाला, "आता हळू चालवतो. मागे तू एकटा बसलायस असं वाटत नाही."

मलाही तसंच वाटत होतं. सबंध वाटेत मी माझ्या मागे कुणाला तरी जागा ठेवून पुढे सरकून बसलो होतो.

मुंबईत आल्यावर मी डिलाईल रोडला गेलो, एकटा, चालत. मशीन मुद्दाम नेली नाही. तो गृहस्थ गॅलरीत स्टुलावर बसला होता. पत्नी आत होती.

"किती झाले?" त्याने विचारलं.

"सातशे चाळीस."

"रस्त्यावरचे?"

"रस्त्यावरचे. आणि सांगितलं मी, काका. तीन गावांत."

त्याने मान हलवली. "काय म्हणाले लोक?"

"एकाने विचारलं, मशीन चांगली आहे का? मी म्हटलं, त्यानेच उभी केलेली आहे."

तो पहिल्यांदा हसला, अगदी थोडं. साडेसहा वाजले. खाली नळावरचा गोंधळ एकाएकी कमी झाला. हंडे घेऊन बायका बाजूला सरल्या आणि उभ्या राहिल्या, जिथे आता काहीच नव्हतं त्या जागेभोवती. इंजिन नव्हतं, धूर नव्हता. तरी सगळी चाळ गप्प झाली होती. आतून तांब्या भरल्याचा आवाज आला.

मी त्या गृहस्थाकडे पाहिलं. तो समोरच्या भिंतीकडे बघत होता. उजवा हात गुडघ्यावर होता, मूठ हँडलवर असावी तशी वळलेली, आणि मनगट हळूहळू, अंदाजाने, आपल्याकडे फिरत होतं.

मी अर्धा तास तिथेच बसून राहिलो.